दुसऱ्या ओळीतला श्वास

१

डबीवर निळ्या शाईने तारीख लिहिलेली होती. तारखेखाली 'बासरी' एवढा एकच शब्द होता. आत मात्र काहीच नव्हतं.

साउंडवाल्याने डबी उलटी करून तळहातावर आपटली, जणू कॅसेट एखाद्या कोपऱ्यात दडून बसली असावी. मग तो म्हणाला, "ताई, ही रिकामी आहे."

"नीट बघ."

"एवढ्याशा डबीत अजून किती नीट बघू?"

गायिकेने डबी त्याच्या हातातून ओढून घेतली. तिचा मेकअप अर्धाच झाला होता. एका डोळ्यात काजळ होतं, दुसरा अजून कोरा होता. स्टुडिओत एकदम शांतता पसरली. वायरी गुंडाळणारी माणसंसुद्धा हात थांबवून बघू लागली.

संध्याकाळी इथूनच कार्यक्रम थेट दाखवला जाणार होता. त्यात दर आठवड्याला दोन कलावंत येत, आपल्यावर कोणाचा ठसा आहे ते सांगत, आणि मग गाऊन किंवा वाजवून दाखवत. त्याची एक रीत ठरलेली होती. ज्याचा ठसा, त्याची एखादी वस्तू पाहुण्याने सोबत आणायची. कुणी गुरूचा चष्मा आणला होता, कुणी आजीची मोडकी पेटी. गायिकेने वडिलांची कॅसेट आणली होती. वडील आयुष्यभर बासरी शिकवत आले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या वाजवण्याची ही एकुलती एक खूण होती.

आजचा दुसरा पाहुणा मास्तरांचाच शिष्य होता. आता तो नामवंत बासरीवादक होता आणि स्टुडिओत सगळे त्याला 'सर' म्हणत. त्याला मोठं केलं ते एका चालीने. ती न ऐकलेला माणूस शोधूनही सापडला नसता. लोक भांडी घासताना ती गुणगुणत. गायिकेचं म्हणणं असं, की ती चाल त्याची नाहीच, आपल्या वडिलांची आहे. कॅसेटवरची तारीख त्याच्या पहिल्या रेकॉर्डच्या आधीची होती. आज सगळ्यांसमोर ती कॅसेट वाजणार होती आणि पाठोपाठ तिचा धाकटा भाऊ तीच चाल बासरीवर वाजवणार होता.

"सकाळी होती ना?" निवेदिकेने विचारलं. कार्यक्रम तिचाच होता. बोलायचीही तीच आणि निस्तरायचीही तीच.

"सकाळी मी स्वतः डबी उघडून पाहिली होती. होती."

"मग गेली कुठे?"

"ज्याला ती नको होती त्याच्याकडे." गायिकेने समोर बोट दाखवलं नाही, नुसतं पाहिलं. बासरीवादक मंचाजवळच्या खुर्चीत बसला होता. त्याने मान वर केली.

"ताई, थांब ना जरा," भाऊ म्हणाला. "कॅसेट नाही तर नाही. आपण दुसरं काही तरी गाऊ."

"दुसरं काही तरी? आई जाईपर्यंत म्हणत होती, चाल आपल्या घरची आहे. कधीतरी हे लोकांना कळेल म्हणून तिने वाट बघत दिवस काढले." गायिकेचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "कॅसेट मिळाली तर वाजवीन. नाही मिळाली, तर कार्यक्रम सुरू होऊन लाल दिवा लागल्यावर नाव घेऊन सांगेन. चाल यांनीच चोरली आणि कॅसेटही यांनीच."

२

पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक वृद्ध बाई शाल गुंडाळून बसल्या होत्या. एसीचा वारा नेमका त्यांच्या मानेवर येत होता. प्राथमिक शाळेत गाणं शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. या बहीणभावाला पहिला सूर त्यांनीच दिलेला, म्हणून त्यांना आज मुद्दाम बोलावलं होतं. शाळेत सगळी मुलं त्यांना 'बाई' म्हणत. आता ती मुलं चाळिशीला आली होती, तरी 'बाई'च म्हणत.

गायिका त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "बाई, वर्गात कुणाची पेन्सिल गेली की तुम्ही कुणालाही न मारता शोधून काढायचात. आता काढा."

"पेन्सिल घेतलेलं मूल सगळीकडे बघतं, आपल्या दप्तराकडे तेवढं बघत नाही," बाई म्हणाल्या. "त्यात माझी कसली करामत? चल, आधी दुसऱ्या डोळ्यात काजळ घाल. कुठल्या डोळ्याकडे बघून बोलावं तेच मला कळत नाहीये."

मेकअपच्या खोलीत आरशाभोवती दिवे होते आणि टेबलावर कापसाचे बोळे पडले होते. डबी तिथेच, पर्सशेजारी ठेवलेली होती, असं गायिकेने दाखवलं. दुपारी तालमीसाठी ती बाहेर गेली तेव्हा खोली उघडीच होती.

"ती कॅसेट तू पूर्ण ऐकलीस?"

"नाही. जुन्या ट्रंकेत सापडली, घरच्या टेपरेकॉर्डरवर लावली. आधी खोकला ऐकू आला, मग बासरी. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत मध्येच त्यांचा दम तुटला. छातीच्या दुखण्याने शेवटी शेवटी असंच व्हायचं. मला रडू आलं, आणि तेवढ्यात मशीनने फीत आत ओढायला सुरुवात केली. घाबरून बंद केलं. फीत बोटाने गुंडाळून ठेवून दिली. म्हटलं, आता स्टुडिओतच नीट वाजवू."

"चाल त्यांचीच, हे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? बाई, रेकॉर्ड यायच्या कितीतरी आधी मी ती घरात ऐकलीय. बाबा आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचे आणि तीच वाजवत बसायचे. महिनोन्महिने. आई दाराला कान लावून उभी राहायची."

"दार लावून?"

"हो."

"आम्ही इतकी वर्षं ओळखत होतो त्यांना," बाई हळूच म्हणाल्या. "रस्त्यावरून जाणाऱ्यालाही हाक मारून वाजवून दाखवायचे. खिडकीसुद्धा लावायचे नाहीत."

गायिकेने खांदे उडवले. "आजारी होते."

"आणि धाकटा? तेव्हा तो कुठे होता?"

"नोकरीला, परगावी. बाबा गेले तेव्हाही वेळेत पोहोचला नाही. त्याने ही चाल घरात ऐकलीच नाही कधी. कॅसेटही नाही. मी कुणाच्या हातात देतच नव्हते."

दारात टकटक झाली. मेकअपवाली पावडरचा डबा घ्यायला आली होती. तिने दोघींकडे पाहिलं, थोडी घुटमळली आणि म्हणाली, "ताई, सांगावं की नाही कळत नव्हतं. दुपारी तुम्ही बाहेर असताना सर आले होते इथे. मी आले तेव्हा ते याच टेबलाशी उभे होते. एकटेच."

३

"हो, आलो होतो," बासरीवादक म्हणाला.

त्याच्या खोलीत दिवे मंद केलेले होते. टेबलावर पांढऱ्या रुमालावर एक जुनी बासरी ठेवलेली होती. तिला मध्ये चीर गेली होती आणि चिरेवर काळा दोरा घट्ट गुंडाळलेला होता. तीच त्याने आणलेली वस्तू. मास्तरांची बासरी.

"म्हणजे तुम्हीही त्यांचंच नाव घेणार," बाई म्हणाल्या.

"दुसरं कुणाचं घेऊ? मी आलो तेव्हा काटकुळा पोरगा होतो. मला पाखरू म्हणायचे. फुंकर कशी घालायची इथपासून त्यांनी शिकवलं."

"मग त्या टेबलाशी काय करत होता?"

"तिची वाट बघत होतो. विनंती करायची होती. म्हटलं, कॅमेऱ्यासमोर वाजवायच्या आधी मला एकदा एकट्याला ऐकू द्या. डबी पुढ्यात होती. हात लावला नाही."

"उघडूनही पाहिली नाही?"

"बाई, मी ती वाजवायला मशीन कुठून आणणार होतो? आणि चोरायची असती तर डबीसकट नेली असती." तो थोडा हसला, पण हसू टिकलं नाही. "कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या कॅसेटची माझ्याइतकी गरज कुणालाच नाही."

बाई काही बोलल्या नाहीत. वर्गातही त्या अशाच थांबत. मुलाला शांतता नको असते, मग ते स्वतःच ती भरून काढतं.

"चाल माझी आहे," बासरीवादक म्हणाला. "पण रेकॉर्ड व्हायच्या आधी मी ती मास्तरांना ऐकवायला गेलो होतो. पहिली त्यांनाच. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. संपली तरी काही बोलले नाहीत. उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. मी बराच वेळ बसून राहिलो. मग चपला घातल्या आणि निघालो. पुन्हा गेलो नाही. ते आजारी आहेत हे कळलं, तरी गेलो नाही."

"का रागावले, विचारलं नाहीत?"

"विचारायची हिंमत असती तर बासरी कशाला धरली असती? बोलूनच पोट भरलं असतं." त्याने दोरा गुंडाळलेल्या बासरीवरून बोट फिरवलं. "आता त्यांची मुलगी म्हणते, मी चोर. त्या कॅसेटवर मास्तर ती चाल वाजवतात म्हणे. का वाजवतात, हे मलाही कळत नाही."

"ती दुसरी ओळ मला वाजवून दाखवता? हळू चालेल."

त्याने आपली बासरी उचलली. ओळ लांब होती. वर चढत गेली, वरच्या सुरावर रेंगाळली आणि कुठेही न तुटता खाली उतरली. एकाच श्वासात.

"मध्ये थांबत नाही तुम्ही," बाई म्हणाल्या.

"थांबायची सोय नाही. मास्तर म्हणायचे, ओळ म्हणजे पूल. पुलाच्या मध्यावर कुणी खाली उतरत नाही."

बाहेरून निवेदिकेचा आवाज आला. शेवटची साउंडची तपासणी होती, सगळ्यांना बोलावलं होतं. बाई उठल्या. दारापाशी त्यांनी मागे वळून पाहिलं, तर बासरीवादक आपली नव्हे, ती चिरलेली बासरी ओठांना लावून नुसताच बसला होता. फुंकत नव्हता.

४

मंचावर गडबड चालली होती. निवेदिका एका हाताने केस सारखे करत दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरून होती. बाई जवळ गेल्या तशी तिने फोन खाली घेतला.

"तुमचा माझ्यावर संशय असेल तर सांगून टाकते," ती म्हणाली. "लोकांनी गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रात वाचलंय, या दोघांचं भांडण काय ते. आज सगळे कॅसेट ऐकायला बसणार आहेत. ती नसेल तर माझा अर्धा कार्यक्रम गेला. आणि पुराव्याशिवाय कुणी कुणाला चोर म्हणालं, तर उरलेला अर्धाही गेला."

"तुमच्यावर नाही हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर दिवसभर सगळ्यांच्या देखत पळताय."

तेवढ्यात मंचावर जरा खटका उडाला. साउंडवाल्याने भावाची बासऱ्यांची लांबट कापडी पिशवी वाटेतून उचलून मोठ्या स्पीकरला टेकवून ठेवली होती. भाऊ दोन ढांगांत तिथे पोहोचला.

"तिथे नको ठेवूस."

"का, काय झालं?"

"स्पीकरपाशी नको म्हटलं ना." त्याने पिशवी छातीशी धरून पार पलीकडे नेली आणि भिंतीपाशी एका स्टुलावर ठेवली.

"अरे, बांबू आहे तो," साउंडवाला म्हणाला. "स्पीकर काय त्याला चावतो? इथे सगळेच कलावंत, मीच एकटा हमाल." मग माईक सारखा करून तो काचेमागच्या आपल्या खोलीत गेला आणि तिथून त्याने खूण केली. "चला, वाजवा. आवाज बघू."

भावाने बासरी उचलली. पहिल्या ओळीचा शेवटचा सूर त्याने इतका लांबवला, की साउंडवाल्याने काचेमागून हात जोडले. "सोड रे बाबा, मला गुदमरायला लागलं," त्याचा आवाज स्पीकरवर आला. दोघे-चौघे हसले.

मग दुसरी ओळ आली. सूर चढत गेला, वर पोहोचला आणि तिथेच, पुलाच्या अगदी मध्यावर, भाऊ थांबला. हलकेच श्वास घेतला आणि पुढे वाजवू लागला.

"पुन्हा एकदा," साउंडवाला म्हणाला.

पुन्हा तेच झालं. तोच सूर, तिथेच श्वास.

बाई मंचाजवळ गेल्या. "छान वाजवलंस रे. कुठून शिकलास ही?"

"कुठून म्हणजे?" भाऊ बासरी पुसत होता. "रेकॉर्डवरून. सगळे तिथूनच शिकतात."

"सरांच्या रेकॉर्डवरून?"

"हो."

"आणि बाबांची कॅसेट?"

"नाही ऐकली. ताईने हातही लावू दिला नाही." हे सांगताना त्याने बाईंकडे पाहिलं, काचेमागे पाहिलं, छतावरच्या दिव्यांकडे पाहिलं. भिंतीपाशी स्टुलावर ठेवलेल्या पिशवीकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही.

बाईंनी शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. पेन्सिल कुणाच्या दप्तरात आहे ते त्यांना कळलं होतं. ती का घेतली, ते अजून कळायचं होतं. आणि निवेदिका सगळ्यांना जागेवर बसायला सांगत होती.

५

मंचामागे रंगवलेल्या पडद्यांच्या आडोशाला एक अरुंद बोळ होता. बाईंनी भावाला हाताला धरून तिथे नेलं, जसं तिसरीत असताना नेलं असतं.

"रेकॉर्डवर ती ओळ एका श्वासात आहे," त्या म्हणाल्या. "मी मघाशी सरांना वाजवायला लावली. तीही एका श्वासात. तू रेकॉर्डवरून शिकलास तर मध्ये का थांबतोस?"

"दम पुरत नाही."

"त्याच्या आधीचा सूर तू इतका लांबवलास, की साउंडवाला रडकुंडीला आला. दम भरपूर आहे तुझा. ज्याचा पुरत नव्हता, तो माणूस वेगळा. ताईने ऐकलं तेवढ्यात तिला एकच गोष्ट लक्षात राहिली. दुसऱ्या ओळीत बाबांचा दम तुटला. तू नेमका तिथेच थांबतोस. ती जागा जगात एकाच ठिकाणी आहे, त्या कॅसेटवर."

भावाने पडद्याची कडा बोटांत धरली.

"आणि बांबूला स्पीकरचं भय नसतं, राजा. फितीला असतं. मोठ्या स्पीकरच्या चुंबकाने फीत पुसली जाते."

भाऊ खाली, लाकडी फळ्यांवर बसला. मग म्हणाला, "ताई कार्यक्रमांसाठी काही आठवडे बाहेरगावी होती तेव्हा कपाटातून काढली. एका मित्राकडे चांगलं मशीन आहे. फीत नीट केली आणि लावली. मग ती परत येईपर्यंत रोज जायचो. बाबांबरोबर वाजवायचं राहूनच गेलं होतं ना माझं. ते वाजवायचे, त्यांच्याबरोबर मी वाजवायचो. ते थांबायचे तिथे मी थांबायचो. सवय कधी लागली, कळलंच नाही."

"आणि शेवटपर्यंत ऐकलंस."

"शेवटी ते बोललेत," भाऊ म्हणाला. "काय बोललेत ते विचारू नका. ताईच्या आधी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही."

"मला नको सांगूस. मीच सांगते, चुकलं तर चूक म्हण." बाई त्याच्याशेजारी, फळ्यांवरच टेकल्या. "तुझे बाबा दार उघडं टाकून वाजवणारे. हीच एक चाल त्यांनी दार लावून वाजवली, आणि तीही महिनोन्महिने. आपली स्वतःची चाल कुणी अशी घोकत बसतं का? दार लावून घोकतं ते शिकणारं मूल. चुका कुणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून. ती चाल त्यांची नाही."

भावाने मान हलवली. "मी ताईला सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, हे टीव्हीवर नको. तर म्हणाली, तू कुणाच्या बाजूचा? आई याच विश्वासावर गेली, बाई. आणि सगळ्यांसमोर ती कॅसेट वाजली असती, तर ताई तोंडघशी पडली असती. बाबांचंही हसू झालं असतं. म्हणून आज दुपारी डबीतून काढून घेतली. म्हटलं, कॅसेटच नसेल तर ती गप्प बसेल."

"ती गप्प बसली नाही."

"नाही."

"फेकून का दिली नाहीस?"

त्याने चमकून पाहिलं. "बाबांचा आवाज आहे त्यात."

बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बाळ, मी जाऊन सांगू शकते. पण मग ताईला कळेल की तू चोरलीस. तू स्वतः नेऊन दिलीस, तर कळेल की तू घाबरलास. दोन्हींत फार फरक आहे. आणि एक माणूस बाहेर बसलाय, त्याला आज विनाकारण दुसऱ्यांदा चोर म्हटलं जाणार आहे."

पडद्याच्या पलीकडे कुणीतरी उलटे आकडे मोजू लागलं. मग मंचावर झगझगीत प्रकाश पडला, आणि बोळाच्या तोंडाशी भिंतीवरचा लाल दिवा लागला.

६

आधी बासरीवादकाची पाळी होती. त्याने चिरलेली बासरी दाखवली, मास्तरांचं नाव घेतलं. निवेदिकेने विचारलं, "आजच्या वादाबद्दल काही सांगाल?" तो म्हणाला, "नाही. मी वाजवायला आलोय."

बाई पहिल्या रांगेत पोहोचल्या होत्या. तिथून त्यांना काचेमागची खोली दिसत होती. आत भाऊ उभा होता आणि त्याची पिशवी सुटलेली होती. बासऱ्यांच्या मधून त्याने काहीतरी काढून दिलं. गायिकेने ते हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, काय म्हणाली ते काचेतून ऐकू येणं शक्य नव्हतं. मग तिने हेडफोन कानाला लावले. साउंडवाला फीत पुढे पुढे नेत होता. एका ठिकाणी तो थांबला.

गायिका पाठमोरी होती. तिचे खांदे बराच वेळ हलले नाहीत. मग तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तोवर तिला मंचावर बोलावलं होतं.

ती येऊन बसली. दोन्ही डोळ्यांत काजळ होतं, एका डोळ्यातलं थोडं पसरलं होतं. निवेदिकेने हसून विचारलं, "तुमच्यावर कोणाचा ठसा आहे? काय आणलंत आज?"

गायिका बोलेना. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता. निवेदिकेने पुन्हा विचारायला तोंड उघडलं, पण बाईंनी पहिल्या रांगेतून नुसता हात वर केला. थांबा. निवेदिका थांबली.

"वडिलांची कॅसेट आणलीय," गायिका शेवटी म्हणाली. "मघाशी सापडत नव्हती. ती आमच्याच सामानात होती." तिने एक श्वास घेतला. "गेल्या आठवड्यात मी वर्तमानपत्रात सांगितलं, की सरांची चाल माझ्या वडिलांची आहे. तेच ऐकायला आज बरेच जण बसले असतील. मी काही सांगत नाही. तुम्हीच ऐका. शेवटपर्यंत ऐका."

तिने काचेकडे पाहून मान हलवली.

आधी खरखर आली. मग खोकला. मग बासरी. पहिली ओळ सावकाश, चाचपडत गेली. दुसरी ओळ चढली, वर पोहोचली आणि तुटली. ऐकू येईल असा श्वास, मग उरलेली ओळ. चाल कशीबशी संपली. बासरी कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि मग एक म्हातारा आवाज, थांबत थांबत बोलू लागला.

"ही पाखराची चाल. त्याने ऐकवली त्या दिवशी मला बोलताच आलं नाही, म्हणून आत निघून गेलो. बाहेर आलो तर तो गेलेला. त्याला ही ओळ एका दमात येते. मला मध्ये थांबावं लागतं. शिकतोय अजून. नीट जमली की त्याला बोलावून ऐकवीन."

पुढे नुसती खरखर होती. साउंडवाल्याने ती लगेच बंद केली नाही.

मंचाच्या दुसऱ्या टोकाला बासरीवादक दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. त्याचा चेहरा कॅमेऱ्यात येत नव्हता, आणि कॅमेरावाल्यानेही कॅमेरा तिकडे वळवला नाही. गायिका उठली. त्याच्यापाशी गेली, रुमालावरची चिरलेली बासरी उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

"आता धाकटा वाजवणार होता," ती म्हणाली. "तुम्ही वाजवा. चाल तुमची आहे."

"ही वाजेल की नाही, माहीत नाही," तो म्हणाला. "चीर गेलीय."

"बघा तर."

त्याने ती ओठांना लावली. सूर थोडा फाटका लागला, मग जमला. पहिली ओळ सगळ्यांच्या ओळखीची होती, तशीच आली. काचेमागे भाऊ साउंडवाल्याच्या खांद्यावरून वाकून ऐकत होता. दुसरी ओळ सुरू झाली. सूर चढत गेला, वर पोहोचला.

आणि तिथेच, पुलाच्या मध्यावर, बासरीवादक थांबला. त्याने श्वास घेतला आणि मग उरलेली ओळ वाजवली. काचेमागे भावाच्या हातात बासरी नव्हती, तरी त्या जागी त्याची छाती भरून आली आणि खाली गेली.

लाल दिवा विझल्यावर बाई शाल सावरत काचेमागच्या खोलीत गेल्या. साउंडवाला रेकॉर्डिंग मागे नेऊन ऐकत होता आणि मान हलवत होता.

"सरांचं असं कधी होत नाही," तो म्हणाला. "माईकमध्ये श्वास चांगला मोठा आलाय. परत दाखवतील तेव्हा तेवढा कापून टाकतो. कुणाला कळणारही नाही."

"राहू दे तो," बाई म्हणाल्या.